घोसाळ्याचा वेल आणि सतरा मात्रा

हायकू हा जपानी काव्यप्रकार मराठी वाचकाला आता परका राहिलेला नाही. तीन छोट्या ओळी, निसर्गातले एखादे दृश्य आणि शेवटी मनाला बसणारा हलकासा चटका, एवढी त्याची ओळख बहुतेकांच्या मनात पक्की झालेली असते. ही ओळख चुकीची नसली तरी अपुरी आहे, कारण तो चटका नेमका कशाने बसतो हे तिच्यावरून कळत नाही. जपानी परंपरेत तो बहुधा एकाच जाणिवेतून येतो: जे दिसते आहे ते टिकणारे नाही, आणि जो पाहतो आहे तोही टिकणारा नाही. ही जाणीव हायकूत शब्दांनी सांगितलेली नसते, ती वस्तूतच ठेवून दिलेली असते. या प्रस्तावनेचा विषय तोच आहे: रोजच्या, साध्या, कित्येकदा स्वयंपाकघरातल्या किंवा अंगणातल्या क्षणात दिसणारा मृत्यू, तो तीन ओळींत ठेवण्याची जपानी रीत, आणि ती रीत मराठी भाषेत, विशेषतः पनवेलसारख्या कोकणच्या उंबरठ्यावरच्या गावात, कशी रुजू शकते हा प्रश्न.

आरंभी रचनेविषयी थोडे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण येथे मराठीत एक घोटाळा वर्षानुवर्षे चालत आला आहे. हायकूत पाच, सात, पाच अशी सतरा 'अक्षरे' असतात असे सर्रास सांगितले जाते; परंतु जपानी कवी ज्याची मोजणी करतो त्याला 'ओन' म्हणतात, आणि ओन म्हणजे अक्षर नव्हे. दीर्घ स्वराचे दोन ओन होतात, शब्दाच्या शेवटी येणारा अनुनासिक 'न' स्वतंत्र ओन म्हणून मोजला जातो, आणि म्हणूनच मराठीत दोन अक्षरांत लिहिला जाणारा 'तोक्यो' हा शब्द जपानी मोजणीत चार ओनांचा भरतो. ओनाचे खरे नाते मराठी छंदःशास्त्रातल्या मात्रेशी आहे. लघूची एक आणि गुरूची दोन हा हिशेब ज्याला ठाऊक आहे त्याला ओन समजावून सांगावे लागत नाही. सतरा अक्षरांच्या मराठी हायकूत सहज पंचवीस-तीस मात्रा होतात, म्हणजे तो जपानी हायकूच्या मानाने बराच ऐसपैस असतो. दुसरीकडे हेही खरे, की ओवी आणि अभंग यांनी मराठी कानाला मात्रांपेक्षा अक्षरांची सवय लावलेली आहे, आणि लहान अभंगातले आठ आठ अक्षरांचे दोन चरण मिळून सोळा अक्षरांत पुरा अर्थ सांगण्याची कला या भाषेला सात शतकांपासून अवगत आहे. त्यामुळे सतरा अक्षरांचा आग्रह शास्त्रशुद्ध नसला तरी मराठीच्या अंगाला फारसा परका वाटत नाही, एवढी सूट त्याला द्यावी लागेल.

रचनेचे आणखी दोन घटक महत्त्वाचे आहेत. 'किगो' म्हणजे ऋतू सुचवणारा शब्द. तो फुलाचा, पक्ष्याचा, सणाचा, भाजीचा, कशाचाही असू शकतो, आणि अशा शब्दांचे ऋतुवार कोश जपानमध्ये छापले जातात, त्यांना 'सायजिकी' म्हणतात. 'किरेजी' म्हणजे कवितेला मध्येच चिरणारा शब्द. स्वतःचा फारसा अर्थ नसलेला हा शब्द दोन दृश्यांमध्ये फट पाडतो, आणि ती फट वाचकाने आपल्या मनाने भरावी अशी अपेक्षा असते. मृत्यूची जाणीव बहुधा या फटीतूनच आत येते. कवी एका बाजूला एक वस्तू ठेवतो, दुसऱ्या बाजूला दुसरी ठेवतो, आणि मध्ये काय आहे ते सांगत नाही.

हायकू हे नाव या प्रकाराच्या मानाने अगदी अलीकडचे आहे. बाशो (१६४४ ते १६९४) जे लिहीत होता ते 'होक्कू', म्हणजे अनेक कवींनी मिळून रचायच्या साखळीकवितेचा पहिला तुकडा. तो तुकडा साखळीतून कायमचा सोडवून त्याला 'हायकू' हे नाव रूढ करण्याचे श्रेय मासाओका शिकी (१८६७ ते १९०२) या कवीकडे जाते. बाशो, बुसोन, इस्सा आणि शिकी या चार नावांभोवती हायकूचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. येथे बुसोनकडे वळण्याचे कारण नाही. तो चित्रकाराच्या डोळ्याचा कवी होता आणि त्याचे मोठेपण अन्यत्र आहे.

या सगळ्या कवितेच्या तळाशी 'मुजो' नावाची एक कल्पना आहे. मुजो हा शब्द बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांतून जपानमध्ये गेला, आणि त्याचे मूळ 'अनित्य' हेच आहे. पनवेलच्या वाचकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे, कारण जुन्या काळी पनवेलच्या बंदरातून देशावर जाणारा माल ज्या बोरघाटाने चढत असे, त्याच घाटाच्या माथ्याजवळ कार्ले आणि भाजे येथील लेणी आहेत, आणि अनित्याचा विचार तेथे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंच्या नित्य पाठात होता. तो विचार महाराष्ट्राला जपानकडून उसना घ्यावा लागतो असे मुळीच नाही. अठराव्या शतकातल्या मोतोओरी नोरिनागा या जपानी पंडिताने या जाणिवेला 'मोनो नो आवारे' हे शब्द प्रतिष्ठित करून दिले. त्यांचा अर्थ साधारणपणे वस्तूवस्तूंतून जाणवणारी कासाविशी असा करता येईल. महत्त्वाचा शब्द 'वस्तू' हा आहे.

मराठी कवितेत मृत्यू कमी नाही. उलट तो भरपूर आहे, परंतु तो प्रायः दोन रूपांत येतो. पहिले रूप उपदेशाचे: देह नाशिवंत आहे, काळ टपून बसला आहे, तेव्हा सावध व्हा, असे संत श्रोत्याला तोंडावर सांगतात. दुसरे रूप निरोपाचे: कवी स्वतःच्या जाण्याविषयी बोलतो, मागे राहणाऱ्यांची समजूत घालतो किंवा त्यांच्यावर रुसतो, भा. रा. तांब्यांच्या उत्तरवयातल्या कवितांत हे रूप फार देखणे झालेले आहे. या दुसऱ्या रूपाला जपानी परंपरेत समांतर असा एक प्रकार आहे, त्याला 'जिसेइ' म्हणतात, म्हणजे मरणाच्या वेळी लिहून ठेवायची कविता. झेन भिक्षू, सामुराई, पुढे व्यापारी आणि कवीही जिसेइ लिहीत. मराठीत याच्या अगदी जवळ जाणारी गोष्ट म्हणजे सतराव्या शतकातल्या, शिऊरच्या संत बहिणाबाईंचे निर्याणाचे अभंग. मृत्यू समोर दिसत असताना त्या मुलाला आपल्या पूर्वजन्मांची हकिकत सांगतात. परंतु फरकही ध्यानात घ्यायला हवा. बहिणाबाईंना सांगण्यासारखे बारा जन्म आहेत. जिसेइ लिहिणाऱ्याजवळ एक सकाळ असते. बाशोने तर शिष्यांनी विचारल्यावरही औपचारिक जिसेइ लिहिण्याचे नाकारले, कारण त्याच्या मते गेल्या काही वर्षांत लिहिलेली त्याची प्रत्येक कविता जिसेइच होती. हे उत्तर हायकूतील मृत्यूभानाची सर्वांत नेमकी व्याख्या मानता येईल. मृत्यूवरची कविता वेगळी लिहावी लागत नाही, कारण ती रोज लिहिली जात असते.

इस्सा (१७६३ ते १८२८) या कवीने ही जाणीव सर्वांत खालच्या पातळीवर, माशी, पिसू, गोगलगाय यांच्या पातळीवर आणली. त्याच्या कविता वीस हजारांच्या घरात आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांत घरातल्या किड्यांशी तो शेजाऱ्याशी बोलावे तसा बोलतो. पहिल्या पत्नीपासून झालेली त्याची चारही मुले लहानपणीच गेली. त्यांतली सातो ही मुलगी १८१९ साली देवीच्या साथीत वारली, पुढे पत्नीही गेली, शेवटी घर जळाले आणि धान्याच्या कोठीत राहत असताना तोही गेला. इस्साच्या दुःखाचे मोठेपण असे, की अनित्याचा सिद्धांत त्याला पूर्ण मान्य आहे आणि तरीही तो त्याला पुरत नाही. सिद्धांत आणि मुलगी यांच्यामधली फट त्याने बुजवली नाही. मराठी कीर्तनपरंपरेत वाढलेल्या वाचकाला ही गोष्ट प्रथम खटकते, आणि मग फार जवळची वाटू लागते.

मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै (१९२९ ते २०१७) यांनी. त्यांच्याआधी भारतात रवींद्रनाथ टागोरांनी १९१६ च्या जपान प्रवासानंतर लिहिलेल्या प्रवासवर्णनात बाशोच्या कविता बंगालीत आणल्या होत्या, आणि पुढे आर. एच. ब्लाइथ यांच्या १९४९ ते १९५२ या काळात निघालेल्या चार खंडांनी इंग्रजी वाचणाऱ्या जगाला हायकूचे वेड लावले. परंतु मराठीत हायकू ही एका व्यक्तीने सातत्याने, अनेक संग्रहांतून केलेली लागवड आहे हे मान्य करायलाच हवे. आचार्य अत्र्यांच्या घरात, वक्तृत्वाच्या आणि विनोदाच्या गडगडाटात वाढलेल्या लेखिकेने मराठीतला सर्वांत अबोल काव्यप्रकार निवडावा, यात एक गंमत आहे. पै यांनी सतरांची मोजणी काटेकोरपणे पाळली नाही. तीन ओळी ठेवल्या, आणि त्यांपैकी दोन ओळींना बहुधा यमक दिले. हा निर्णय मराठी कानाच्या दृष्टीने समंजस होता. मात्र त्याची किंमतही आहे. किरेजी कवितेला उघडते, यमक तिला मिटते; तिसऱ्या ओळीत यमक जुळले की कडी लागल्याचा आवाज येतो आणि वाचक समाधानाने पान उलटतो. जेथे विषय मृत्यूचा आहे तेथे ही कडी विशेष खटकते. पै यांच्या उत्तम हायकूंत दृश्यच इतके स्वच्छ असते की यमकाकडे लक्ष जात नाही; त्यांच्या मागून आलेल्या अनेकांना हे साधले नाही, आणि तीन ओळींची चारोळी म्हणता येईल असा एक प्रकार हायकूच्या नावाने फोफावला.

त्या प्रकाराचा मुख्य दोष यमक हा नसून तिसरी ओळ हा आहे. पहिल्या दोन ओळींत पान गळते, तिसरीत 'जीवन' येते. पहिल्या दोन ओळींत दिवा विझतो, तिसरीत 'माणसाचे असेच' येते. तिसरी ओळ अशा वेळी कीर्तनकाराच्या ताब्यात जाते. संतांच्या उपदेशाला सातशे वर्षांची तपश्चर्या पाठीशी होती, शिवाय तो उपदेश उघड होता. हायकूत लपवलेला उपदेश मात्र केविलवाणा दिसतो. मृत्यू हा शब्द, त्याचे समानार्थी आणि त्याची रूपके तीन ओळींतून काढून टाकल्यावर जे उरते त्यात तो जाणवतो का, ही एकच कसोटी येथे लावण्यासारखी आहे.

दुसरा दोष उसन्या ऋतूचा. चेरीचा बहर, बर्फ आणि मेपलची पाने मराठी हायकूत आली की ती कागदी फुलांसारखी दिसतात. किगो उसना घेता येत नाही, कारण किगो म्हणजे केवळ वनस्पतीचे नाव नसून एका समाजाने त्या वस्तूशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेली आठवण असते. मराठी ऋतुकोश करायचाच झाला तर तो पनवेलच्या परिसरात कसा दिसेल, याचा थोडा विचार येथे करणे उपयुक्त ठरेल. पनवेल हे तलावांचे गाव. वडाळे, विसराळे, कृष्णाळे, देवाळे ही तलावांची नावे आजही बोलण्यात आहेत, बाजूने गाढी नदी वाहते, दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका आणि त्याच्या पायथ्याचे पक्षी अभयारण्य आहे. येथल्या वर्षाचा आरंभ पंचांगात चैत्रात होत असला तरी ऋतुशब्दांचा आरंभ राब भाजण्यापासून, म्हणजे भाताच्या रोपांसाठी राखलेल्या जमिनीवर पालापाचोळा जाळण्यापासून, होतो. मग पावशा ओरडू लागतो. (शिकी या टोपणनावाचा अर्थही पावशाच्याच कुळातला एक पक्षी असाच आहे, त्या पक्ष्याचा घसा ओरडून ओरडून रक्ताळतो अशी जपानी समजूत, आणि खोकल्यातून रक्त पडल्यावर कवीने ते नाव घेतले.)

पहिला पाऊस पडून गेला की त्या संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंख फुटलेल्या वाळवीचे थवे जमतात. घरातले मोठे माणूस एक दिवा सोडून बाकीचे बंद करायला सांगते, दिव्याखाली पाण्याची परात ठेवली जाते, आणि जेवणे अर्ध्या अंधारात उरकली जातात. सकाळी परातीत किडे असतात, परंतु फरशीवर नुसते पंख असतात, ढिगांनी, तपकिरी, पातळ. केरसुणी लावताच ते तिच्या पुढे पळतात आणि सुपलीत भरता भरत नाहीत. हे पंख झाडणाऱ्या बाईच्या मनात त्या वेळी मृत्यूचा विचार नसतो, आणि हायकूच्या कामाची गोष्ट नेमकी हीच आहे.

परंतु मराठी वर्षात या विषयाचा खरा महिना भाद्रपद आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण जपानी माणसाला चेरीविषयी जे वाटते ते सर्व चार शब्दांत सांगते, आणि वर थोडी टिंगलही करते. हा तेरडा पनवेलच्या आसपास रस्त्याच्या कडेला, गडाच्या वाटेवर आपोआप उगवतो. कोकणात गौर म्हणून याचीच रोपे मुळांसकट उपटून आणतात, तिला साडी नेसवतात, आणि आवाहन, पूजन, विसर्जन असा तिचाही मुक्काम तीनच दिवसांचा असतो. गौरी-गणपती पाण्यात गेले, पौर्णिमा उलटली, की पितृपक्ष लागतो. तेव्हा केळीच्या पानावर भात, वडे, खीर वाढून ते पान कावळ्यासाठी बाहेर ठेवले जाते, आणि घरातली माणसे उन्हात उभी राहून कौलाकडे, आता बहुधा शेजारच्या इमारतीच्या गच्चीकडे, पाहत राहतात. बाशोच्या एका विख्यात हायकूत शरदातल्या संध्याकाळी एक कावळा बसला आहे, आणि जपानी टीकाकारांनी त्यातल्या एकाकीपणावर पुष्कळ लिहिले आहे. मराठी वाचकाला मात्र कावळा कधीच एकाकी दिसत नाही, कारण तो कोणाचा तरी कोणीतरी असतो. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा राहिली असे समजतात, 'तुमच्या मुलीचे आम्ही पाहू' असे मोठ्याने कबूल करतात, आणि तरीही तो आला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवतात. ज्या भाषेत 'कावळा शिवला' एवढ्या दोन शब्दांत मृत्यू, हिशेब आणि सुटका हे तिन्ही सांगता येते, त्या भाषेला किगोसाठी जपानकडे जाण्याची गरज नसावी.

अर्थात पनवेलच्या ऋतुकोशापुढे एक अडचण आहे, आणि ती साहित्यबाह्य आहे. १८५२ साली नगरपालिका मिळालेले हे गाव १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाले; उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोपर ही नावे ज्या खाजणांची आणि भातखाचरांची होती तेथे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. किगो पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणीवर जगतो असे वर म्हटले आहे. येथे राब हा शब्द आजोबांना ठाऊक आहे आणि नातवाला समजावून सांगावा लागतो. जपानी सायजिकीतही वापरातून गेलेल्या कित्येक वस्तू छापल्या जातात, आणि त्या वाचताना ऋतूपेक्षा त्या वस्तूचाच अंत जाणवतो. मराठी हायकूला टेकडीचा अंत हा विषय मिळाला आहे, आणि तो जपानी कवीलाही मिळाला नव्हता.

शेवटी पुन्हा शिकीकडे यावे लागते, कारण या विषयातले सर्वांत स्पष्ट उदाहरण त्याचे आहे. क्षयाने त्याच्या पाठीचा कणा पोखरला होता आणि अखेरची काही वर्षे तो तोक्योतल्या नेगिशी भागातल्या घरात अंथरुणाला खिळून होता. १९०२ च्या मे महिन्यापासून त्याने 'सहा फुटी रोगशय्या' अशा अर्थाच्या शीर्षकाचे सदर वृत्तपत्रातून लिहिले, आणि त्याचा १२७ वा, शेवटचा भाग मृत्यूच्या दोन दिवस आधी छापून आला. अंथरुणातून त्याला दिसत होता तो अंगणातल्या मांडवावर चढवलेला 'हेचिमा' नावाचा वेल. तो शोभेसाठी लावलेला नव्हता. या वेलाचे देठ कापून त्यातून झिरपणारे पाणी बाटलीत धरायचे आणि कफ सुटण्यासाठी रोग्याला द्यायचे, अशी जपानी घरगुती रीत होती, आणि आठव्या चांद्रमासातल्या पौर्णिमेच्या रात्री धरलेले पाणी विशेष गुणकारी समजत. १८ सप्टेंबरच्या सकाळी बहीण रित्सू हिने फळी धरली, शिष्य हेकिगोतो याने कुंचला हातात दिला, आणि शिकीने मध्ये खोकत, थांबत तीन हायकू लिहिले. तिन्हींत हेचिमा आहे. मग कुंचला हातातून टाकला तेव्हा चादरीवर शाईचा डाग पडला. मध्यरात्रीनंतर, १९ सप्टेंबरला, वयाची पस्तीस वर्षे पूर्ण होण्याआधीच तो गेला.

हेचिमा म्हणजे घोसाळे, ज्याला खानदेशात आणि विदर्भात गिलके म्हणतात. हायकू म्हणजे चेरीची फुले असे समजणाऱ्या मराठी वाचकासाठी एवढी एक माहिती पुरेशी व्हावी: जपानी भाषेतल्या सर्वांत प्रसिद्ध अखेरच्या हायकूंचा विषय घोसाळ्याचा वेल आहे, जो पनवेलच्या कुठल्याही जुन्या वाड्याच्या कुंपणावर त्याच दिवसांत फळलेला असतो. मराठी पंचांगाप्रमाणे पाहिले तर १९०२ साली ती रात्र भाद्रपद पौर्णिमेच्या लगेच पुढची, म्हणजे पितृपक्षाच्या आरंभीची होती.

वाचकांना एक विनंती करून ही प्रस्तावना थांबवणे उचित होईल. हायकू सलग वाचू नयेत. दिवसाकाठी चार-पाच पुरे, आणि वाचताना तिसऱ्या ओळीपाशी अर्थ शोधत रेंगाळण्यापेक्षा पहिल्या ओळीतली वस्तू स्वतः कधी पाहिली होती ते आठवावे. ज्यांच्या दारी घोसाळ्याचा वेल असेल त्यांनी या भाद्रपदात एखादे फळ भाजीसाठी न तोडता वेलावरच ठेवावे. ते आधी पिवळे पडते, मग तपकिरी होऊन हलके होते, हलवले की आत बिया वाजतात. साल सोलली की आत जाळी निघते, आणि जुन्या घरांत न्हाणीत अंग घासायला हीच जाळी असे.